अर्ध्या पानाच्या कोटेशनवर टांगलेला मी

मित्रांनो, शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या भिंतीवरचा पिवळट पडलेला एसी तो मी. उन्हाळ्यात खोली थंड करायची आणि हिवाळ्यात उबदार ठेवायची, हे माझे काम. आठ वर्षे मी एका माणसावर दात धरून आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यातल्या तपासनीस बाई मला म्हणाल्या होत्या, "हा नाव काढेल." ताईंकडे मला बसवण्यासाठी दोन कोटेशने आली. एका मेकॅनिकबाईंनी खोल्या, खिडक्या मोजून चार पाने लिहिली होती. दुसरे कोटेशन अर्ध्या पानाचे आणि बरेच स्वस्त. "भिंतीला टांगायचा तर आहे, त्याला चार पानं कशाला?" ताईंचे दीर म्हणाले. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणाऱ्या ताईंनीही मान डोलावली.

स्वस्तवाला कॉन्ट्रॅक्टर जेवून आला आणि चहाच्या वेळेला गेलासुद्धा. गॅस सोडण्याआधी पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी लागते. त्याने पंप गाडीतून उतरवलाच नाही. पाणी बाहेर नेणारी नळीही उलट्या उताराने बसवली. मी धापा टाकू लागलो, ठिबकू लागलो. तक्रार केल्यावर तो म्हणाला, "ताई, मशीनच खराब निघालं." मला पाय असते तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. त्या दिवसापासून ताईंच्या सासूबाई मला पांढरा हत्ती म्हणू लागल्या.

गेल्या महिन्यात ताईंनी वरच्या मजल्यावर शिवणवर्ग काढायचे ठरवले. तिथे एसी बसवायला तोच माणूस तसलेच अर्धे पान घेऊन आला. ताईंनी सहीसाठी पेन उघडले. तो नेमका माझ्याखाली उभा होता. मी साठलेले सगळे पाणी त्याच्या डोक्यावर सोडले.

"बघा," तो डोके पुसत म्हणाला, "मी म्हणालो नव्हतो?"

माझा सूड माझ्यावरच उलटला. पण ताई स्टुलावर चढल्या आणि नळीवर हात फिरवून पाहिला.

"नळी आत उतरलीय. पाणी बाहेर जाईल कसं?"

"मशीन जुनं झालं की होतं असं."

"नळी मशीनने नाही बसवली. वाकडी शिलाई घालून कापडाला नावं ठेवणारा माणूस माझ्याकडे एक दिवस टिकत नाही. चूक कोणाची ते लिहून द्या, नाहीतर वर्गाला येणाऱ्या सगळ्या बायकांना मी सांगते."

त्याने तिथेच लिहून दिले. चार पाने लिहिणाऱ्या त्या मेकॅनिकबाईंनी माझे पाइप आणि नळी नव्याने जोडली, वरचे कामही त्यांनाच मिळाले. त्याचा कागद ताईंनी माझ्याखाली चिकटवला आहे. येणारी प्रत्येक बाई तो वाचते आणि मी गार वारा सोडत राहतो.

मित्रांनो, स्वस्त कोटेशन आले की त्यात काय लिहिलेले नाही ते आधी विचारा. यंत्राला नावे ठेवण्यापूर्वी ते बसवणाऱ्याचे काम तपासा. आणि त्या माणसाला मी आता माफ करावे, असे मला कोणी सांगू नका.