एको, दुई, तिनी

सायलीला तिसरं सरून चौथं लागलं तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अलीकडे रस्त्याला लागून आवडाबाईचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, मिरची, आणि इकडे जिला सांभार म्हणतात ती कोथिंबीर. नवरा गेल्यापासून मळा आणि घर दोन्ही तिच्याच जिवावर उभं. मुलगा गजेंद्र एकुलता, आणि त्याची ही मुलगी एकुलती. नात मुकी निघते की काय, या धास्तीने आवडाबाईने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. वेखंड मधात उगाळून जिभेवर लावलं. पोपटाचा उष्टा पेरू चारला की पोरं बोलतात, असं कुणीतरी सांगितलं. ही बाई पेरू घेऊन एसटीने कारंज्याला गेली, एका घरी पिंजऱ्यातल्या पोपटासमोर तो धरून बसली, आणि पोपटाने एकदाची चोच मारली तेव्हा पेरू पदरात बांधून परत आली. सायलीने पेरू आवडीने खाल्ला. बोलली मात्र नाही.

मग वाशीमच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कान तपासले, घसा पाहिला.

"कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे. दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"हिची माय."

"ती काय काय बोलते हिच्याशी?"

आवडाबाईने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ते काई नाई बोलत, डाक्टरसाहेब. आमी बोलूच नाई देत तिले!"

डॉक्टर तिच्याकडे पाहतच राहिले. वाचकहो, त्या तोऱ्याची गोष्ट सांगायची आहे.

सायलीची आई मिनती ओडिशातली. लग्नात तिचं नाव बदलून सुचिता ठेवलं, आणि मळ्यावर तिला सगळे सुचिताच म्हणतात. आपण तिला तिच्या आईने ठेवलेल्या नावानेच ओळखू. ती इथे आली त्यात आपल्या सगळ्यांचा हात आहे. पोटातली मुलगी पोटातच संपवायची विद्या आपण फार लवकर शिकलो. ज्या वाचल्या त्यांना शेतकरी नवरा नको, आणि त्यांचं तरी काय चुकलं? आई-मावशीचे शेतात झिजलेले हात त्यांनी पाहिलेले असतात. मग तिशी उलटलेली पोरं पारावर बसून राहतात आणि मध्यस्थ सांगतो, "तिकडून पोरगी आनून देतो, गरीब घरची हाय, तोंड वर करून बोलनार नाई." गजेंद्रचं लग्न असंच झालं. सून घरात आली. तिचे हात हवे होते, कूस हवी होती. जिभेचं काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं.

सायली महिन्याची असेल. ओट्यावर उन्हात बसून मिनती तिला तेल लावत होती. पायाचं एकेक बोट चिमटीत धरून हळूच म्हणत होती, "एको, दुई, तिनी, चारी..." शेजारची सोजरबाई विरजण मागायला आली होती. ती दारातच थबकली.

"आवडाबाई, हे काय पुटपुटून राह्यली वं तुही सून? अन् बोटं काहून धरून राह्यली लेकराचे?"

"गाते असन काई."

"गाते? गानं असं असते काय? तिकडच्या बाया मंतर जाणतेत म्हनतेत. पाय बाई, घर तुहं हाय. मले काय करा लागते?"

करायचं काही नव्हतं, म्हणून सोजरबाईने ते गावभर केलं. त्याच संध्याकाळी सायलीने दूध ओकलं. महिन्याची कुठली पोर दूध ओकत नाही? पण संशयाला पुरावा लागतोच कुठे! आवडाबाई तरातरा ओट्यावर आली आणि तिने मिनतीच्या तोंडावर हात दाबून धरला.

"आजपासून ह्या घरात तिकडचा एक शब्द निंघाला तं पोरगी घेऊन टाकीन तुह्यापासून. तुले एकटीले धाडून देईन गाडीत बसवून. समजलं काय?"

मिनतीला मराठी फारशी समजत नव्हती. 'पोरगी' आणि 'गाडी' एवढं मात्र समजलं. गजेंद्र बाजूलाच उभा होता. "आई म्हनते ते ऐक," एवढं बोलून तो मोटर सुरू करायला विहिरीवर निघून गेला. नवरेपणाचं सगळं काम त्याने तेवढ्यात उरकलं.

ओडिया बंद झाली. मराठीत तोंड उघडलं की बाया फिदीफिदी हसायच्या, म्हणून तेही बंद झालं. मिनती पोरीला न्हाऊ घाली, भरवी, थोपटी, सगळं मुक्याने. आवडाबाई आणि गजेंद्र उजाडल्यापासून मळ्यात नाही तर बाजारात. पोर ऐकणार कुणाचं?

डॉक्टरकडून परत आल्यावर आठवडाभरात रत्नमाला घरी आली. ती अंगणवाडी सेविका, मुलांची वजनं घ्यायला यायची. पन्नाशीची, बौद्ध वस्तीतली, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ बाई. सायलीचं वजन झालं, आणि डॉक्टर काय म्हणाले हे आवडाबाईने तिला रागारागाने सांगितलं.

"म्हने मायले बोलू द्या. त्याले काय जाते सांगाले?"

"बरोबर सांगतलं त्यानं, मावशी," रत्नमाला म्हणाली. "मायले मुकं केल्यावर लेकरू बोलन कसं? हिरीतच नाई तं पोहऱ्यात कुठून येईन?"

"मराठी बोलाव नं मंग तिनं! आमी काय मराठी बोलाले नाई म्हनतो?"

"मराठी शिकन ते हळूहळू. पन लेकराले लाड कोनी शिकल्या भाषेत करत नाई. तुमी केले काय? तुमाले उद्या ओडिशात नेऊन टाकलं तं नातीले कोन्त्या भाषेत जोजवान?"

"मले कायले कोन नेते! अन् तिचं ते बोलनं साधं नाई, रत्नमाला. मंतर होये तो."

"तुमाले समजला काय तो मंतर?"

"समजला असता तं मंतर कायचा?"

"म्हंजे जे आपल्याले समजत नाई ते वाईट!" रत्नमालाचा आवाज चढला. "मावशी, माह्या आज्याले ह्याच भागात चारचौघांत तोंड उघडाची सोय नोती. तो काय बोलन त्याचं भ्या होतं लोकाइले. बंदी घातल्यानं मानूस सुधरत नाई. तो मुका होते, अन् त्याचे लेकरंबी मुके होतेत. आमी ते भोगून बसलो. तुमी तुमच्या हातानं तुमच्याच नातीले तेच देऊन राह्यल्या!"

"माह्या घरात मले शिकवाले नोको येऊ," आवडाबाई उठली. "वजन झालं नं? मंग निंघ."

रत्नमाला निघाली. जाता जाता गोठ्याजवळ शेण भरणाऱ्या मिनतीपाशी थांबली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कोनी नसते तवा तरी बोलत जाय पोरीसंगं. तुह्या बोलीत बोल." मिनती खाली मान घालून शेण भरत राहिली. पण तिने ऐकलं होतं.

त्यानंतरचा एक बाजाराचा दिवस. माल लवकर उठला म्हणून आवडाबाई भर दुपारीच परतली. ओट्यावर कुणी नव्हतं. मागच्या हौदाकडून पाण्याचा आवाज येत होता, म्हणून ती घराला वळसा घालून गेली. हौदाच्या काठावर मिनती वांगी धूत बसली होती. सायली टोपल्यातून एकेक वांगं उचलून तिच्या हातात देत होती, आणि मिनती कुजबुजत होती, "एको... दुई..."

पुढचं वांगं हातात घेऊन ती थांबली. पोर तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग त्या पोरीने ओठ हलवले.

"तिनी!"

खणखणीत आवाज! ज्या शब्दासाठी आवडाबाईने वेखंड उगाळलं, देवाला नवस बोलली, पोपटाच्या पुढ्यात बसून राहिली, तो शब्द! तिच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला आणि ती पुढे धावली.

मिनतीने मान वर केली. सासू दिसली मात्र, तिचा रंगच उडाला. वांगं हौदात पडलं. तिने सायलीला ओढून छातीशी धरलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

"नाई बोलली, आई! काई नाई बोलली ते! तिनं काईच नाई म्हनलं!"

अरेरे! आपलं लेकरू पहिल्यांदा बोललं, आणि त्याची आई शपथेवर सांगते आहे की ते बोललं नाही! जगातली कुठली आई असं खोटं बोलेल? आणि तिला ते बोलायला लावणारी बाई समोर उभी होती.

आवडाबाई दोन पावलांवर थांबली. बोटांच्या वर सायलीचे डोळे तेवढे दिसत होते, भेदरलेले. त्या हाताकडे पाहताना आवडाबाईला कळलं, हा हात सुनेचा नाही. हा आपला हात आहे.

"सोड," ती म्हणाली. "सोड वं माय तिचं तोंड."

मिनतीला हात काढवेना. शेवटी आवडाबाईने खाली बसून एकेक बोट सोडवलं. पोर रडायला लागली.

"काय म्हनलं पोरीनं?"

"आई, गाडीत नोका बसवू मले..."

"नाई बसवत. सांग, काय म्हनलं तिनं?"

"तीन," मिनती म्हणाली. "गिनती हाय. आमच्या तिकडची."

"गिनती? मंतर नाई?"

"मंतर मले येत नाई, आई."

"अन् पोरगी लहान होती तवा? ओट्यावर तिच्या पायाचे बोटं धरून काय म्हने तू?"

मिनतीने प्रथमच सासूच्या डोळ्यांत पाहिलं. "बोटं मोजत होती. बराबर हायेत का, पाहत होती."

आवडाबाईला हुंदका आवरला नाही. पोटच्या पोराची बोटं मोजत नाही अशी आई कुठल्या मुलखात असेल? गजेंद्र झाला तेव्हा तिनेही मोजली होती, एकदा मोजून भागलं नाही म्हणून पुन्हा मोजली होती. तिची मोजणी ती माया, आणि परक्या पोरीची मोजणी ती करणी! एवढ्यासाठी एका बाईला मुकी केली, आणि एका लेकराचे बोबडे बोल जन्मायच्या आधीच गाडले.

"मले शिकव," ती म्हणाली.

मिनतीला वाटलं ही चेष्टा आहे. पण म्हातारी हौदाच्या ओल्या काठावर मांडी घालून बसली होती. मिनतीने भीत भीत सुरुवात केली, आणि आवडाबाई तिच्यामागून म्हणू लागली. एको. दुई. तिनी. चारी. पाञ्चो. छॉ. सातपाशी गाडी अडली.

"सात," आवडाबाई म्हणाली. "हे तं आपलंच हाय."

"सात नाई. सातो."

"सात्व."

"तोंड बंद नाई करायचं, आई. आखरीले खुल्लं ठेवायचं. सातो."

आपण सात म्हणतो तेव्हा आवाज 'त'पाशी अडतो. त्या बोलीत तो अडत नाही. ओठ गोल राहतात आणि आवाज थोडा पुढे वाहतो. साठीच्या जिभेला ते सहज कसं जमावं? आवडाबाई चुकत राहिली. सायली रडायची थांबली आणि आजीच्या तोंडाकडे पाहून हसू लागली. आठो, नॉ, दसो. आजीच्या आधी नातीने म्हणून टाकलं!

हसत नव्हती ती फक्त मिनती.

"माहं चुकलं, सुचिता," आवडाबाई शेवटी म्हणाली. "लय मोठं चुकलं. आता बोलत जाय. मनमोकळं बोल."

मिनतीने हौदात पडलेलं वांगं बाहेर काढलं. मग म्हणाली, "पोरीसंगं बोलीन, आई. तुमच्यासमोर नाई जमनार."

आवडाबाईने सायलीला उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि टोपलं घेऊन ती घराकडे निघाली.

सायली आता बोलते. ओडिया बोलते, वऱ्हाडी बोलते, दोन्हींचा काला करून बोलते आणि कुणाचं ऐकत नाही. सोजरबाईने एकदा नाक मुरडलं, तेव्हा आवडाबाईने तिला ओट्यावरून खाली उतरवलं. गजेंद्रलाही तिने चारचौघांत सुनावलं, "मी चुकत होती तवा तुह्या तोंडाले काय झालं होतं?" तो पुन्हा मोटर सुरू करायला विहिरीवर निघून गेला.

मध्यंतरी रत्नमाला वजनाचा काटा घेऊन आली तर आवडाबाई भर दुपारी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसलेली. शेजारी भाजीचं रिकामं टोपलं.

"मावशी, बाहेर काहून बसल्या? घराले कुलूप हाय काय?"

"नाई वं. आत सुचिता बोलून राह्यली पोरीसंगं. मी गेली की चूप होते."

"आवाज देऊन जा नं."

"देऊन पाह्यला. आवाज देल्ला तरी चूप होते."

काटा खाली ठेवून रत्नमालाही लिंबाखाली बसली. आतून मिनतीचा आवाज येत होता, भरभर, हसरा, दोघींनाही न कळणारा.

बंधू-भगिनींनो, आपल्या गावात, आपल्या गल्लीत, कदाचित आपल्याच घरात परमुलखातून आलेलं कुणी असेल. त्याची भाषा कळत नसेल तर निदान दहापर्यंत मोजायला शिका; तेवढ्याने आपली जीभ झिजणार नाही. आणि तेही होत नसेल तर त्याच्या तोंडावर हात तरी ठेवू नका. कारण पश्चात्ताप झाला की हात काढता येतो, पण त्या हाताची भीती काढता येत नाही, आणि मग आपल्याच घराबाहेर बसून राहावं लागतं.