कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

शिकागोच्या विमानात एकही जागा रिकामी नव्हती. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार, अख्खा देश टर्की खाऊन परत निघालेला. माझी सगळी भिस्त होती ती कॉकपिटमध्ये, दोन्ही पायलटांच्या मागे भिंतीतून उघडणाऱ्या घडीच्या खुर्चीवर. तिला आम्ही जंपसीट म्हणतो. मी राहतो रॉचेस्टरला आणि माझी विमानं सुटतात शिकागोहून. आम्हा पायलटांतले कितीतरी जण असेच दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसून कामावर जातात. तिकीट लागत नाही, पण त्या विमानाच्या कॅप्टनसमोर स्वतः उभं राहून विचारावं लागतं. तो नाही म्हणाला तर का म्हणून विचारायची सोय नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी आमची गत. गाढवं फारशी भेटत नाहीत, हेही खरं.

अकरा वाजता मला हजेरी द्यायची होती. नव्या कंपनीत माझा आठवा महिना चालू होता, आणि पहिल्या वर्षात युनियनसुद्धा वाचवायला येत नाही. सप्टेंबरात एकदा हजेरी चुकली, तेव्हा आमच्या मुख्य पायलट बाईंनी आवाज न चढवता सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर येताना ओळखपत्र जमा करायच्या तयारीनं ये. सकाळच्या पहिल्या विमानातली खुर्ची त्याच कंपनीच्या एका पायलटाला मिळाली. हे दुसरं विमान गेलं असतं तर नोकरीही गेली असती.

कॅप्टनचं नाव ड्वेन प्रुएट. साठीला टेकलेला, जाड भिंगांचा चष्मा. मी रीतीप्रमाणे दारात उभा राहिलो, परवाना पुढे केला आणि शिकागोपर्यंत न्याल का म्हणून विचारलं. त्यानं परवान्यावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग बॅगेच्या कप्प्यातून एक घडी घातलेला जुनाट कागद काढला. तो कागद मी लांबूनही ओळखतो.

तेवीस वर्षांपूर्वी माझे वडील ज्या कंपनीत होते तिथे पायलटांचा संप झाला. अकरा आठवडे चालला. तो फोडून जे विमान उडवायला गेले, त्यांची नावं संपवाल्यांनी एका यादीत घातली, तोच हा कागद. पुढे ती कंपनी बुडाली, यादी मात्र जिवंत राहिली. यादीतल्या माणसाला कोणी जंपसीट देत नाही, त्याच्या टेबलावर कोणी कॉफी प्यायला बसत नाही. फितूर तो फितूरच. त्या यादीत माझ्या वडिलांचं नाव आहे, लाइल हेवरकँप. माझंही नाव तेच, शेपटाला फक्त ज्युनियर. आईची हौस, दुसरं काय.

यावर माझं एक वाक्य तयार असायचं. चार वेळा वापरलं होतं, चारही वेळा लागू पडलं होतं.

"मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, सर. आणि वडिलांशी मी बोलत नाही."

पहिलं खरं, दुसरं साफ खोटं. वडील आमच्याच घरात गॅरेजवरच्या खोलीत राहतात. त्या सकाळीसुद्धा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून त्यांनीच मला विमानतळावर सोडलं होतं.

एवढ्यावर काम भागायचं. प्रुएटनं मात्र कागद मिटला नाही. कधीपासून बोलत नाहीस, म्हणाला. बरीच वर्षं झाली, असं मी सांगितलं. त्याची को-पायलट केंड्रा, तिशीची असेल, काम थांबवून मागे वळून पाहू लागली. माझ्या पाठीमागे गेटवरची बाई दार लावायला खोळंबली होती.

"लाज वाटते त्याची?" प्रुएटनं विचारलं.

असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मला मुख्य पायलट बाईंचा तो शांत आवाज आठवला.

"हो," मी म्हणालो.

"बस मग. पट्टा नीट लाव."

बसलो. पंखांवरचा बर्फ उतरवण्यात अर्धा तास गेला. पाठीला ती खुर्ची टोचत होती आणि ते 'हो' आत कुठेतरी टोचत होतं. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये उड्डाणाखेरीज एक शब्दही बोलायचा नाही, असा कायदा आहे. तेवढा वेळ मला कोणी काही विचारणार नव्हतं, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

वर गेल्यावर प्रुएट आपणहून बोलू लागला. माझ्याकडे न बघता, समोरच्या ढगांना सांगावं तसा. संपाच्या वेळी तो आणि माझे वडील एका खोलीत राहायचे. एका रात्री वडील त्याला म्हणाले, मी उद्या कामावर जातोय. संपावरच्यांचा दवाखान्याचा विमा कंपनीनं बंद केला होता आणि घरी पोराचं अपेंडिक्स फुटलं होतं.

"ते पोरगं तूच असशील," प्रुएट म्हणाला. "मी त्याला म्हटलं, जा. पोर आधी. आणि दुसऱ्या दिवशी तो गणवेश घालून आमच्या रांगेसमोरून गेला, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी थुंकलो. त्याच्या बुटांवर."

वडिलांनी मला अपेंडिक्सचं सांगितलं होतं, बुटांचं कधीच नाही.

ते हयात आहेत का, असं त्यानं विचारलं. आहेत असं ऐकतो, मी म्हणालो. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यावाच लागतो.

"त्याला काही सांगायचं होतं मला. पण तू बोलतच नाहीस त्याच्याशी. राहू दे."

मला माझी किळस आली. बापानं माझ्यापायी तोंड काळं करून घेतलं आणि मी त्याच तोंडावर फुकटच्या खुर्च्या मिळवत होतो. पण आता खरं बोलावं तर पंचाईत. खोटं बोलून कॉकपिटमध्ये शिरणाऱ्या माणसाची कॅप्टन तक्रार करू शकतो, आणि आठव्या महिन्यात माझ्यासारख्याला तेवढी एक तक्रार पुरे.

विमान उतरू लागलं. अठरा हजार. पंधरा. मी उंचीच्या काट्याकडे बघत बसलो. दहा हजारांखाली गेलो की बोलता येणार नाही आणि खाली पोचल्यावर माझा धीर होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बारा हजार.

"सर, ते माझ्याच घरी राहतात," मी म्हणालो. "आज सकाळी त्यांनीच मला सोडलं. मला त्यांची लाज वाटत नाही. या खुर्चीसाठी मी खोटं बोललो."

प्रुएटनं विमानाचा वेग कमी केला.

"दहा हजार," केंड्रा म्हणाली.

त्यानंतरची बारा-तेरा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. आकडे, वाऱ्याची दिशा, टॉवरचे हुकूम, बाकी शांतता. प्रुएटच्या मानेवरची शीर तेवढी दिसत होती. मनातल्या मनात मी बायकोला सांगत होतो की नोकरी गेली. चाकं टेकली. गेटला लागून इंजिनं बंद व्हायला दहा चव्वेचाळीस झाले. केंड्रा प्रवाशांना निरोप द्यायला दाराशी गेली.

प्रुएटनं चष्मा काढून डोळे चोळले.

"दारात खरं बोलला असतास तर मी तुला घेतलं नसतं," तो म्हणाला. "केंड्रा ऐकत होती. तिचा बापही संपावर होता. इतक्या वर्षांनी अजून मी लोक काय म्हणतील तेच बघतो." मग हात पुढे केला. "फोन लाव त्याला."

हजेरीची जागा दुसऱ्या टोकाला, पळत गेलो तर दहा मिनिटं. मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"लाइल," तो म्हणाला. "मी ड्वेन प्रुएट. तुझा पोरगा आज माझ्या विमानात होता." मग पुढचं सगळं एका दमात बोलला. थुंकलो म्हणाला, चुकलो म्हणाला, तेवीस वर्षं म्हणाला. आवाज फाटत होता. दाराबाहेरून लोक बॅगा ओढत चालले होते.

पलीकडून वडील काहीतरी थोडंसं बोलले. प्रुएटनं फोन माझ्यापुढे धरला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

"तो बाकी काहीच बोलत नाही," तो म्हणाला. "पोरगा वेळेत पोचला का, एवढंच विचारतोय."

मी फोन कानाला लावला. घड्याळात दहा एकावन्न झाले होते, हजेरीला नऊ मिनिटं.

"पोचलो, बाबा," मी म्हणालो, आणि पळत सुटलो.