पत्र्याचं निळं इंजिन

"सोनं किती गेलं, सिस्टर?" हवालदाराने विचारलं.

"सोनं नाही गेलं. साखळी कपाटात तशीच आहे."

"मग रोकड?"

"नाही. आगगाड्या गेल्या. खेळण्यातल्या."

हवालदाराने लिहिणं थांबवलं. आतल्या खोलीच्या तिन्ही भिंतींवर रिकाम्या फळ्या होत्या, त्यांवरच्या धुळीत गाड्यांच्या लांबट खुणा उरल्या होत्या. मागच्या बाल्कनीची जाळी कापून चोर आत आला होता आणि या खोलीखेरीज कुठेही गेला नव्हता.

"मुलांच्या होत्या का?"

"माझ्या होत्या," विजयश्री म्हणाली.

विजयश्री ढवळे पिंपरीच्या एका रुग्णालयात सिस्टर होती. मूळची बार्शीकडची. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाचं शिक्षण, आईचं आजारपण यात वर्षं निघून गेली होती, आणि चिंचवडच्या या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. तीस वर्षांत तिने जुन्या चावीच्या आगगाड्या जमवल्या होत्या. जर्मन, इंग्लिश, जपानी. सणाला साडी न घेता एखादा डबा घेतला, कुठे सहलीला न जाता एखादं इंजिन. वॉर्डात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. गेल्या गणपतीत मात्र सोसायटीतल्या मुलींनी गळ घातली आणि तिने त्या गाड्या मंडपात आरास म्हणून मांडू दिल्या. बघायला रांग लागली होती. जुन्या वस्तूंचा धंदा करणारा एक माणूस तेव्हा बराच वेळ फोटो काढत उभा होता, हे तिला आता आठवलं. तिने तसं सांगितलं.

"बघू," हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, पण आशाही नव्हती.

संध्याकाळी विजयश्रीने एक गोष्ट केली, जी तिने कधी केली नव्हती. जुन्या आगगाड्या जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. ती कित्येक वर्षं त्यात होती, पण नुसती वाचायची. तिने लिहिलं, "माझ्या सगळ्या गाड्या चोरीला गेल्या. कुणाला विकायला आल्या तर कळवा." आणि फोन पालथा ठेवून भात लावायला गेली.

कुकरची शिट्टी व्हायच्या आत फोन वाजला.

"विजय सर का? मी सलिल. हिंजवडीत असतो, ग्रुपवर तुमचा मेसेज बघितला."

"सर नाही. मी विजयश्री."

ग्रुपवर तिचं नाव 'विजय ढ.' एवढंच होतं. "सॉरी ताई," सलिल म्हणाला. "आम्हाला सगळ्यांना वाटायचं... ते जाऊ दे. फोटो आहेत का गाड्यांचे?"

फोटो थोडेच होते. पण कुठल्या इंजिनाचं धुराडं वाकलंय, कुठल्या डब्याच्या तिसऱ्या खिडकीचा रंग उडालाय, कुठली स्प्रिंग संपता संपता टक् करते, हे तिला सगळं पाठ होतं. ती सांगत गेली आणि सलिल टाइप करत गेला. ती भात खायला बसली तोवर ते वर्णन चेन्नईला गेलं होतं, कोलकात्याला गेलं होतं. दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा निरोप आला. त्यांनी इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं की आमच्याकडच्या लिलावांवर मी नजर ठेवून आहे, तुम्ही झोप घ्या.

विजयश्रीने तो निरोप ड्युटीवर, औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता पुन्हा वाचला. तिने आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं, तुम्ही झोपा, मी आहे. तिला ते कुणी सांगितल्याचं आठवत नव्हतं.

नंतरच्या आठवड्यांत जे घडत गेलं, ते ती फोनवर नुसतं बघत राहिली. चोराने सुरतेत एकाला दोन डबे दाखवले. त्या माणसाने घेतले नाहीत, फोटो मात्र काढून पाठवले. हैदराबादमध्ये एकाला निम्म्याहून कमी भावात अख्खा सेट देऊ केला, त्यानेही नाही म्हटलं. गाड्या ज्यांना हव्या होत्या, ज्यांनी त्या गाड्यांची आयुष्यभर स्वप्नं बघितली होती, तेच दार लावून घेत होते. यातल्या एकालाही तिने पाहिलेलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी ग्रुपमधले, निघोज्याचे ज्योतीराम येळवंडे तिच्या दारात उभे राहिले. बरोबर सलिल होता, दाढीवाला, तिला वाटलं होतं त्यापेक्षा बराच तरुण. ज्योतीराम साठीच्या पुढचे, चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले. एक गुडघा दुखरा असल्याने ते हळूच खुर्चीत टेकले.

"गावला, ताई," ते म्हणाले. "माल बी गावला."

"कुठे?"

"आमच्याच रस्त्याला, तळेगाव चौकाच्या पुढं. मलाच फोन आला व्हता त्याचा. लाल इंजिन हाय म्हणाला, इंग्लंडचं."

विजयश्री त्यांच्याकडे बघत राहिली. लाल इंजिन तिच्या गाड्यांमधलं सगळ्यात दुर्मीळ. काही वर्षांपूर्वी त्याच्या ऑनलाइन लिलावात शेवटपर्यंत कुणीतरी तिच्याशी झुंजत होतं, आणि अगदी शेवटी थांबलं होतं.

"ते तुम्ही होता?"

"व्हय." ज्योतीराम हसले. "लई राग धरला व्हता म्या त्या विजय ढ.वर. शाळंत असताना एका कॅलेंडरवर बघितलं व्हतं ते इंजिन. तवापासून मनात व्हतं."

त्यांनी सलिलला कळवलं होतं, सलिलने पोलिसांना. चहाच्या टपरीवर भेट ठरली. शेजारच्या बाकावर साध्या कपड्यातले दोन पोलीस चहा पीत बसले. सगळा माल कुठे ठेवलाय ते चोराच्या तोंडून निघेपर्यंत ज्योतीरामांनी त्याला बोलण्यात गुंतवायचं होतं.

"त्यानं इंजिन हातात दिलं. म्या चावी दिली. चाकं फिरली, ताई, अशी गुळगुळीत. तो म्हणत व्हता, घ्या काका, कुणाला कळणार न्हाई." ज्योतीराम आपल्या तळहातांकडे बघत होते. "लई वेळ धरून बसलो व्हतो. मग ठेवलं खाली."

विजयश्री उठून पाणी आणायला गेली आणि ओट्यापाशी थोडा वेळ नुसतीच उभी राहिली.

ओळख पटवायला ते तिघं पोलीस ठाण्यात गेले. कोर्टाचा हुकूम झाल्यावर गाड्या घरी नेता येणार होत्या. टेबलावर सगळा मुद्देमाल मांडला होता. ती एकेक उचलून सांगत गेली. हवालदाराने संकोचत विचारलं, "एक चालवून बघू का?" त्याने चावी दिली. हिरवी जर्मन गाडी टेबलावरून निघाली, तशी तक्रार द्यायला आलेली एक बाई आपलं बोलणं विसरली आणि आतले साहेब दारात येऊन उभे राहिले. स्प्रिंग संपली तेव्हा हवालदाराने मान वर केली.

"सगळं आलं ना, सिस्टर?"

विजयश्रीची नजर टेबलावरून पुन्हा एकदा फिरली. "एक नाही. पत्र्याचं निळं इंजिन."

हवालदार आत जाऊन चोराला विचारून आला. "ते गंजकं होतं म्हणतो. कोण घेणार, म्हणून भंगार पत्र्यांच्या गोणीत टाकून चिखलीकडे भंगारवाल्याला दिलं. ते सोडा आता, बाकी सगळं आलं की."

"हो," ती म्हणाली. "बाकी सगळं आलं."

बाहेर पडल्यावर सलिलने विचारलं, "ताई, ते कुठल्या बनावटीचं होतं?"

"कुठल्याच नाही. कॅम्पातल्या रस्त्यावरचं, जत्रेत मिळतं तसलं." ती चालायची थांबली. "नर्सिंगला नंबर लागला तेव्हा माझे वडील, आप्पा, मला हॉस्टेलवर सोडायला आले होते. बार्शीच्या नॅरो गेज रेल्वेवर पॉइंट्समन होते ते, गाडीसाठी रूळ बदलायचे. तुला काय घेऊन द्यावं कळत नाही म्हणाले, आणि ते इंजिन घेतलं. वीस वर्षांच्या मुलीला. खोलीत फरशीवर चावी देऊन सोडलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. म्हणाले, जन्मभर गाडीच्या बाजूला उभा राहिलो, वरून आज पहिल्यांदा बघतोय."

सलिलने फोन काढला, आणि परत खिशात ठेवला.

रविवारी तिची सकाळची ड्युटी होती. सुटल्यावर ग्रुप उघडला तेव्हा तिला कळलं की मंडळी चिखलीला गेली आहेत. तिने सलिलला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही येऊ नका, इथे फार धूळ आहे." ती रिक्षा करून गेली.

गोडाऊनच्या पत्र्याच्या फाटकातून आत शिरताच ती थबकली. वीस-पंचवीस माणसं तेलाच्या डब्यांच्या, रंगाच्या डब्यांच्या, कंपन्यांतून आलेल्या पत्र्याच्या कातरणांच्या ढिगांवर वाकली होती. नाशकाहून एक डॉक्टर बायकोसह आले होते. कुणी साताऱ्याचा, कुणी नगरचा. या लोकांकडे काचेच्या कपाटात जपलेल्या गाड्या होत्या, आणि ते बाजारात कवडीही किंमत नसलेलं इंजिन शोधत होते. घाई कुणालाच नव्हती. प्रत्येक तुकडा उचलायचा, उलटून बघायचा, बाजूला ठेवायचा.

गोडाऊनचा मालक सोनबा दाराशी खुर्ची टाकून बसला होता. "गेल्या आठवड्याचा निम्मा माल जालन्याला भट्टीवर गेला," तो तिला म्हणाला. "सांगितलं यांना. ऐकत नाहीत. काय सोनं हरवलंय का?"

ज्योतीराम एका उपड्या डब्यावर दुखरा पाय लांब करून बसले होते. ती त्यांच्यापाशी गेली. "भाऊ, पुरे आता. वितळलं असेल ते."

"असंल," ते मान वर न करता म्हणाले. "पर ह्यो ढीग बघायचा राह्यलाय."

सलिलचं बोट कापलं होतं. तिने पर्समधून पट्टी काढून ती बांधली. मग पदर खोचला आणि ज्योतीरामांच्या शेजारी बसली. समोर मोहरीच्या तेलाचा चेपलेला डबा होता. तो उचलून तिने आत पाहिलं आणि बाजूला ठेवला.

इंजिन सापडलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

उन्हं उतरली तेव्हा शेवटची एक गोणी उरली होती. सोनबा खुर्चीतून उठला. रोजच्या सवयीने त्याने ती खांद्यावर घेतली, पण ओतली नाही. विजयश्रीच्या समोर हलकेच ठेवली, मांडी घालून बसला, तोंडाची सुतळी सोडली आणि आतला एकेक तुकडा काढून तिच्या हातात देऊ लागला.