दुसरा गिअर

दोब्रिलाबाईंनी लोहचुंबक ट्रकच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला लावलं आणि हात काढून घेतला. चुंबक तिथेच चिकटून राहिलं.

“चिकटलं ना?” रादोये म्हणाला. “चिकटणारच! पुट्टी भरलेला पत्रा असता तर घसरून पडलं असतं.”

बाईंनी चुंबक काढून खिशात टाकलं. ट्रकच्या कारखान्यात त्यांनी अर्धं आयुष्य तपासणी खात्यात काढलं होतं. आता जुने ट्रक जमवणारे शौकीन खरेदीआधी त्यांना पुढे पाठवत. नोवी साद शहरातल्या अशाच एका शौकिनाला रादोयेचा ट्रक हवा होता. अट एकच, मोठा भाग एकही बदललेला नको. मग ट्रक त्याच्या दालनात उभा राहणार आणि त्याच्यावर पितळी पाटी लागणार: पहिला मालक, रादोये पांतोविच. ही पाटी अजून बनलीही नव्हती, पण गुत्त्यातल्या लोकांना ती पाठ झाली होती. रादोये तिथे दुसरं काही बोलतच नव्हता.

बाईंनी काचांच्या कोपऱ्यातले शिक्के पाहिले, सीट उचलून खालचा हिरवा रंग नखाने खरवडला, आसाच्या बोल्टांवरचे कारखान्याच्या तपासणीचे पिवळे ठिपके बॅटरीच्या उजेडात शोधले. “मूळ,” त्या म्हणायच्या. “हेही मूळ.” दर वेळी रादोये ओसरीवर बसलेल्या बायकोकडे, स्तांकाकडे, असा बघायचा की जणू तो भाग त्यानेच भट्टीत ओतला होता.

“टायर आणि दिवे सोडले तर एक स्क्रू बदललेला नाही,” तो म्हणाला. “गिअरबॉक्स एकदा गेला होता, ऐन रासबेरीच्या हंगामात. आमच्या ड्रागोल्युब मिस्त्रीने उघडून तोच नीट करून दिला. देव त्याला शांती देवो. हात सोन्याचा, पण तेव्हापासून दुसरा गिअर अडतो. तेवढं एक काम कच्चं ठेवून गेला.”

बाई पुठ्ठा अंथरून ट्रकखाली सरकल्या. पेट्रोलच्या फडक्याने त्यांनी गिअरबॉक्सची कूस पुसली.

“तुमच्या चासीचा नंबर?”

“शेवटी अडतीस.”

“गिअरबॉक्सवरही तोच असायला हवा. इथे एकोणचाळीस ठोकलाय.”

“गंज असेल हो बाई. आठ काय, नऊ काय!”

“हे आकडे आम्हीच ताडून बघायचो. माझी आठ-नवात गल्लत होत नाही. तुम्हीच या खाली.”

रादोये हसत हसत खाली गेला. त्याने आकड्यावरून बोट फिरवलं. बोटाला नऊ लागला. त्याचं हसू तिथेच थांबलं.

एकोणचाळीस नंबर कुणाचा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एकाच दिवशी, एकाच फाटकातून दोन ट्रक बाहेर पडले होते. पुढे त्याचा, मागे थोरल्या भावाचा, तिहोमिरचा. पुढे बांधावरचं अक्रोडाचं झाड कुणी तोडलं यावरून दोघांचं फाटलं, आणि रादोयेच्या तोंडात भावाचं नाव राहिलं नाही. रस्त्यापलीकडे राहतो, म्हणून नुसता ‘पलीकडचा’ झाला.

ज्या उन्हाळ्यात रादोयेचा गिअरबॉक्स गेला, त्याच उन्हाळ्यात पलीकडच्याचा ट्रक शेडमध्ये गेला तो गेलाच. “हात टेकले त्याने! झेपला नाही त्याला ट्रक,” रादोये भर गुत्त्यात म्हणाला होता आणि सगळ्यांना राकिया पाजली होती. पुढच्या वर्षी तिहोमिरने निम्मी रासबेरी उपटून टाकली. माल न्यायला गाडी नव्हती. त्यावरही रादोये हसला होता.

आता त्याला लाज वाटली. इतकी, की ट्रकखालून बाहेरच येऊ नये असं वाटलं.

बाहेर आला तेव्हा स्तांका कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रे पायरीवर ठेवला.

“तुला माहीत होतं?”

“मिस्त्रीच्या बायकोने सांगितलं होतं. तिहोमिरने आपल्या ट्रकचा काढून दिला, अट एवढीच, तुझ्या कानावर जाता कामा नये. कळलं असतं तर तू तो गिअरबॉक्स ओढ्यात फेकला असतास आणि सगळी रासबेरी शेतात सडवली असतीस. खोटं बोलते का मी?”

खोटं नव्हतं.

“मी जे पाहिलं तेच कळवणार,” दोब्रिलाबाई हात पुसत म्हणाल्या. “मग तो माणूस ट्रक घेणार नाही. पाटीही नाही.”

“कळवा,” रादोये म्हणाला. “कॉफी घ्या, गार होईल.”

तो ट्रकमध्ये चढला. पलीकडे जायला रस्ता ओलांडला की झालं, चालत गेला असता तरी चाललं असतं. पण त्याने ट्रक सुरू केला, फाटकातून बाहेर काढला आणि समोरच्या चढावर घातला. दुसरा गिअर नेहमीसारखाच करकरला.

तिहोमिर सरपण फोडत होता. आवाज ऐकताच त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि ट्रक थांबायच्या आत फाटक उघडलं. केस पार पांढरे झाले होते त्याचे. रादोयेने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तो बसून राहिला.

तिहोमिरने बॉनेटवर तळहात टेकला.

“दुसरा अजून अडतो का रे?”

“अडतो, दादा.”

“अडणारच. पहिल्यापासून हट्टी आहे तो. क्लच एकदा सोडून परत दाबावा लागतो.” तिहोमिरने ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला. “सरक तिकडे. दाखवतो.”