कासवाचा दुसरा भाग

बोटीच्या धक्क्यावरून गावात येताना दफनभूमी लागते. अंकलच्या थडग्यावरचा दगड अजून कापडात गुंडाळलेला दिसला आणि मी जागीच थबकले.

आमच्या बेटांवर माणूस गेला की दगड उभारून झाकून ठेवतात. वर्षा-दोन वर्षांनी सगळं गणगोत जमलं की नाच-जेवण करून तो उघडतात. तोवर सुतक. तोवर आमच्या घरात गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही, त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज कुणी लावत नाही. ईस्टरला दगड उघडणार, असं चुलतभाऊ म्हणाला होता. उघडला का, एवढं विचारायला मी ब्रिस्बेनहून एक फोन केला नाही. दोन वर्षं झाली म्हणजे झालंच, असं धरून चालले. मी काम करते त्या स्टुडिओतही तेच ठोकून दिलं.

आणि आता माझ्या लॅपटॉपमध्ये आमच्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग होता. पहिल्या भागात म्हाताऱ्या कासवाला अंकलचा आवाज होता. दुसऱ्यातही होता. मागच्या वेळच्या उरलेल्या रेकॉर्डिंगमधून एकेक शब्द उचलून मीच तो जोडला होता. अंकलच्या बायकोला, आँटी डल्सीला, तो अचानक ऐकवून चकित करायचं होतं. मेली माझी हौस.

शाळेच्या हॉलमध्ये भरदुपारी खिडक्यांना ब्लँकेटं लावलेली, पोरं चटयांवर बसलेली. आँटी पहिल्या रांगेत, शेजारी लॅपटॉप घेऊन मी. कासव अकराव्या मिनिटाला बोलतं. आधीच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण हेडमास्तरीण बाई "आपली लॉरेटा" म्हणून माझं कौतुक करत होत्या, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी सिनेमा सुरू केला.

"पाणी छान केलंय," आँटी म्हणाली. "अगदी आपल्या खडकांवरचं. मागच्या वेळी नुसती निळी शाई ओतल्यासारखं होतं."

"हो ना."

"हा खेकडा मात्र फार बडबडतो. मागे एकदाच बोलला होता तर केवढं हसलो होतो आपण."

चौथं मिनिट. पडद्यावर कासवांचा कळप आला तशी पुढची एक चिमुरडी ओरडली, "काल जेवणात होतं ते हेच का?" सगळा हॉल हसला. मी सोडून.

"तुला काय मुंग्या चावतायत?" आँटीने विचारलं. "नीट बस की."

"बसलेय."

"गाणं लांबलं. आणि ही पोरगी पुन्हा हरवली? एकदा हरवून अक्कल आली नाही तिला?"

स्टुडिओत आठ महिने भांडून जे कुणाला पटलं नाही, ते ही दहा मिनिटांत सांगत होती. एरवी मी वहीत टिपून घेतलं असतं. आता माझं लक्ष फक्त घड्याळाकडे. वाटलं, आवडेलही तिला. रडेल, मला जवळ घेईल. खरं सांगायचं तर तिच्या आनंदापेक्षा मला ती शाबासकीच हवी होती.

समुद्र काळवंडला. खालून कासव वर येऊ लागलं. त्याने तोंड उघडलं आणि मी आवाज बंद केला.

"आवाज गेला, आवाज गेला," पोरांनी गिल्ला केला. मी उठायला लागले तर आँटीने माझं मनगट धरलं. कासवाचं तोंड मिटेपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाहेर चल."

बाहेर वारा सुटला होता. आम्ही आंब्याखालच्या बाकावर बसलो.

"त्याचा आवाज आहे त्यात."

"हो."

"दगड उघडला नाही, माहीत होतं?"

"आज येताना दिसलं."

"माझ्या थोरल्या लेकाला खाणीवरून सुटी मिळाली नाही. तो आल्याशिवाय कसा उघडणार?" ती चिडली असती तर बरं झालं असतं. "पहिल्या सिनेमात कासव शेवटी खोल पाण्यात निघून गेलं होतं ना?"

"हो."

"पोरं रडली होती. मीही रडले. चांगला होता तो शेवट. मग परत कशाला आणलंत त्याला?"

"लोकांना आवडला होता म्हणून."

"आवडतं माणूसही जातंच की, पोरी. त्याला नीट जाऊ द्यावं म्हणून आम्ही इथे दोन वर्षं गप्प बसलोय. आणि तू तिकडे रोज त्याला हाका मारतेस."

मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. "काढते मी आवाज. डायरेक्टरला आत्ताच फोन करते."

"नोकरी जाईल?"

"जाऊ दे."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दगड उघडला ना, की मला ऐकव," ती हळूच म्हणाली. "कासवाचं नको. रेकॉर्डिंगला मी होते त्याच्यासोबत. मध्येच खोकायचा, काचेपलीकडच्या माणसाला शिव्या घालायचा, 'डल्सी, चहा सांग' म्हणायचा. ते सगळं आलं असेल ना त्यात?"

आलं होतं. कासवाचे शब्द स्वच्छ मिळावेत म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी मी ते वेचून वेचून पुसून टाकलं होतं.

"मी पुसलं, आँटी," मी म्हटलं. "सगळं."

"खोकलासुद्धा?" तिने विचारलं.