मिशी जाईल नाहीतर मी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि माझ्या जिवावर पैज लागली होती.

मिरजोळ्यातला गुरुप्रसाद माझा मालक. तो आणि शेजारचा अजिंक्य, दोघेही प्रोग्रामर. त्यांच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत साध्या बेरजेची मेथड, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, तोसुद्धा तीन ओळींचा. महिरपी कंस उघडा, 'रिटर्न' लिहून उत्तर परत द्या, कंस मिटा. हा सगळा मार खायचा मी! गुरुप्रसाद टाइप करत नसे, बुक्के घाली. माझ्या कंसांची बटणं त्यानं ठोकून ठोकून आंधळी केली.

एकदा तो ओरडला, "मेथडचं नाव लिहा, पुढे काम लिहा. एका ओळीत खलास! भाषा सांभाळणाऱ्या मंडळाला प्रस्तावच पाठवतो."

"तुझं कोण ऐकतंय रे?" गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून अजिंक्य मिशीला पीळ देत हसला. "नाकारलं, तर हा तुझा कीबोर्डचा डबा मी कोयत्यानं फोडणार. हातखंब्याच्या नाक्यावर!"

"आणि स्वीकारलं, तर तिथंच तुझी मिशी उडवणार. लागली?"

"लागली!"

प्रस्ताव गेला. अजिंक्यनं जाहीर विरोध लिहिला. गुरुप्रसादनं उत्तर असं बडवलं, की माझं एंटर उडून चहात पडलं. मग दोघे अंगणातच भिडले. सदरा फाटला, नाक फुटलं. आणि हत्यार कोण? मी! अजिंक्यच्या टाळक्यात असा बसलो, की माझी दोन बटणं गेली. पण खरं सांगू? मजा आली.

गुरुप्रसादची आई, मथुराकाकी, खराटा घेऊन धावली. "मेल्यांनो, कंसासाठी रक्त काढताय?" दोघांनाही तिनं झोडपलं.

अजिंक्य आता पेटला. जुनीच पद्धत बिनचूक, हे दाखवायला त्यानं तीन ओळींची मेथड मंडळापुढे मांडली. रागाच्या भरात 'रिटर्न' लिहायलाच विसरला! मंडळानं ती चालवली. बेरीज झाली, उत्तर काही परत आलं नाही. गुरुप्रसादच्या ओळीत उत्तर आपोआप परत येई. विसरायला 'रिटर्न' होताच कुठे? प्रस्ताव मंजूर!

हातखंब्याला रिक्षावाल्यांनी कडं केलं. गुरुप्रसादच्या काखेत मी, खुर्चीत अजिंक्य. न्हाव्याचा वस्तरा सर्रकन फिरला. अजिंक्य किंचाळला, "अरे हळू! जीव आहे आत!"

सगळा नाका खदाखदा हसला. गुरुप्रसादनं मात्र खाली माझ्याकडे पाहिलं, आणि काखेतली पकड सैल केली.

मित्रांनो, अजिंक्य ओरडला ते माझं वाक्य होतं. मला तोंड नाही, एवढंच. आमच्यासारख्यांवर बोटं चालवा, बुक्के नकोत.

बरं, आता सरका जरा. अर्धी मिशी अजून बाकी आहे, बघू दे!