भिंगरीची गादी

दुपारी दुकानात कापूस तरंगायचा. दारातून तिरपं ऊन आत आलं की तंतू त्यात संथ फिरत राहत, जणू कुणी झोपच पिंजून हवेत सोडून दिली आहे. गादीवाले आजोबा त्या उन्हात मांडी घालून बसत आणि लांब दाभणाने टाके घालत. पापण्यांवर कापूस, मिशीवर कापूस, कानाच्या पाळीवरही कापूस. समोरची इस्त्रीवाली म्हणायची, "आजोबा, तुमचीच उशी केली तर वेगळा कापूस लागायचा नाही."

अशाच एका दुपारी डोक्यावर आवाज झाला. ठक्. जरा थांबून पुन्हा ठक्. दुकानाच्या वरच घर होतं. मध्ये नुसत्या लाकडी फळ्या. आजोबांनी दाभण कापडात टोचून ठेवलं आणि गुडघ्यांना दोन शब्द ऐकवत ते जिना चढले.

कठड्याच्या लहान खाटेत नात भिंगरी हातागुडघ्यांवर उभी होती. नुकतीच कुठे बसायला लागलेली पोर. डोळे अर्धे मिटलेले, ओठांतून मधमाशीसारखी गुणगुण, आणि सगळं अंग पुढे-मागे, पुढे-मागे. पुढे गेली की कपाळ कठड्याला लागायचं. ठक्. खाटही तिच्यासंगे थरथरत भिंतीपासून वीतभर पुढे सरकली होती. सून खिडकीशी शिवणयंत्रापाशी बसलेली. खोळ सुईखाली तशीच अडकलेली, यंत्र थांबलेलं.

"कधीपासून चाललंय हे?" आजोबांनी हळूच विचारलं.

"आठवडा झाला, मामंजी. झोप आली की सुरू होते. उचललं की थांबते, ठेवलं की पुन्हा तेच. तिच्या डोक्यात काही…" पुढचं बोलायची तिची छाती झाली नाही.

खाली गोष्ट कानावर जाताच इस्त्रीवालीने मात्र ते वाक्य पुरं केलं. तिच्या जावेच्या माहेरी म्हणे असंच एक मूल डोकं आपटायचं, आणि पुढे ते बोललंच नाही. आजोबा तिला म्हणाले, "बाई, तू सुतावरून स्वर्ग गाठतेस." पण संध्याकाळभर त्यांचा कान वरच्या फळ्यांकडेच राहिला.

त्यांच्या घराण्यात दुखण्यावर औषध एकच होतं. कुणाची कंबर धरली की गादी मऊ करा, मान अवघडली की उशी मऊ करा. पोरीचं कपाळ आपटतंय, तर आपटतं ते लाकूड मऊ करा, इतकं सोपं. सावरीचा रेशमासारखा कापूस त्यांनी कधीचा जपून ठेवला होता, तो काढला. कठड्याला चारी बाजूंनी फुगीर लोड शिवले. उशाला टम्म उशी केली. वर एक दुलई, पाखराच्या पोटासारखी. सून म्हणाली, "मामंजी, खाटेत पोरीला जागा ठेवलीत ना?" आणि पुष्कळ दिवसांनी हसली.

ठक् थांबलं. भिंगरी डुलायची, कपाळ लोडात रुतायचं, आवाज म्हणून नाही. आजोबांचा जीव भांड्यात पडला. दुपारी टाके घालताना त्यांना वाटे, आपण पोरीला ढगातच निजवलं आहे.

मग एक दुपार आली. मुलगा गाद्या पोचवायला गेला होता आणि सून शिवलेल्या खोळी द्यायला गल्लीच्या टोकापर्यंत. "निजलीये, कान ठेवा हं," एवढं सांगून ती गेली. आजोबांनी कान ठेवला. वर फळी किरकिरत होती, गुणगुण झिरपत होती. मग तीही थांबली. ऊन, कापूस, शांतता. त्यांचेही डोळे जड झाले. पण ती शांतता त्यांना काही नीट वाटेना. उशी जरुरीपेक्षा जास्त भरली की हाताला कळतं, तशी ती कळली. ते उठले आणि या वेळी गुडघ्यांना काही ऐकवायचं विसरून जिना चढले.

भिंगरी पालथी होती. लोड आणि उशी यांच्या खोबणीत तिचं तोंड रुतलं होतं, दुलई मानेवर आलेली. त्यांनी तिला ओढून उचललं. चेहरा लालभडक, केस घामाने चिकटलेले. एक क्षण काहीच नाही. मग तिने मोठा श्वास आत ओढला आणि भोकांड पसरलं. तसं गोड रडणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ज्याने श्वास दिला त्याचं नाव त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

सून आली तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर पोरीला छातीशी धरून बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही. तशीच तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला नीट तपासलं, मग गप्पा माराव्यात तसं विचारलं. हसते का? हाक मारली की वळते का? वस्तूकडे हात करते का? सून हो हो म्हणत गेली, तसा तिचा आवाज मोकळा होत गेला.

"मग घाबरू नका. पुष्कळ मुलं असं डुलतात, काही कपाळही आपटतात. स्वतःला निजवायची ती त्यांची रीत. मोठी होता होता बहुतेकांचं आपोआप सुटतं. जोरात लागायला लागलं, दिवसभर तेच करू लागली, किंवा शिकलेलं विसरतेय असं वाटलं, तर लगेच आणा."

"आणि लोड?" आजोबांनी विचारलं.

"लोड नको. उशी नको, दुलई नको. गादी टणक, खाटेत घट्ट बसणारी; कडेला बोट जाईल एवढीही फट नको. निजवताना पाठीवर निजवा, मग ती स्वतः वळली तर वळू द्या. खाटेचे स्क्रू मात्र बघत जा, डुलण्याने सैल होतात."

"म्हणजे मऊ काहीच नाही," आजोबा म्हणाले. "बाई, तुम्ही माझं दुकानच बंद केलंत."

"तुमचं मऊपण हातांत ठेवा, आजोबा. खाटेत नको."

घरी येऊन त्यांनी एकेक वस्तू खाटेतून काढली. मुलाने स्क्रू आवळले. दोन तर बोटाने फिरत होते. खाट भिंतीपासून आणि खिडकीच्या पडद्यापासून दूर सरकवली. मग आजोबांनी काथ्या दडपून दडपून भरला आणि अशी गादी शिवली, की तळहात रोवला तरी खड्डा पडेना. सून ठोकून पाहत म्हणाली, "मामंजी, गादी आहे की पाट?"

"गिऱ्हाइकाने अशी मागितली असती, तर त्याला सुताराचा पत्ता दिला असता."

दुसऱ्या दुपारी ऊन आत आलं, कापूस तरंगू लागला, आणि वरून आवाज झाला. ठक्.

आजोबांचा हात आपोआप सावरीच्या ढिगाकडे गेला. बोटं कापसात शिरली, जरा तिथेच थांबली. मग त्यांनी हात काढून घेतला आणि दाभण उचललं. ठक्, टाका. ठक्, टाका. देवाने लेकरांना बोलण्याआधी डुलायला शिकवलं, ते काही उगाच नसेल. वरची गुणगुण विरत गेली, ठोके लांबत गेले आणि थांबले.

ते उठले, अनवाणी जिना चढले. उघड्या, टणक गादीवर भिंगरी निजली होती. तोंडासमोर काहीच नव्हतं, नुसती हवा. आजोबांच्या मिशीवरून एक तंतू सुटला आणि तिच्याकडे तरंगत निघाला. त्यांनी तो अलगद चिमटीत धरला आणि तिचं पोट वरखाली होताना बघत उभे राहिले.